एक्स्ट्रीम व्हॅल्यू मॉडेल फिट होतं पण समरी गंडलेली दिसते, तेव्हा काय काय तपासायचं

पावसाळा संपला की प्रोजेक्टवाली मुलं वार्षिक कमाल पाऊस नाहीतर नदीची कमाल पातळी घेऊन त्यावर एक्स्ट्रीम व्हॅल्यू मॉडेल (टोकाच्या, क्वचित घडणाऱ्या घटनांचा अंदाज देणारं मॉडेल) बसवत बसतात, आणि मग मला तेच ते स्क्रीनशॉट यायला लागतात. दरवर्षी वेगवेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं इथे लिहून ठेवते. मुख्यतः आर या स्टॅटिस्टिक्सच्या भाषेबद्दल आहे, त्यातली एक्स्ट्रीम्स, ईव्हीडी, इस्मेव्ह ही पॅकेजं, आणि मधेमधे पायथनचं सायपाय. फंक्शनची नावं मी तोंडाने म्हणते तशीच लिहिलीत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

आधी लक्षणं. तुमचं यातलं कुठलं ते बघा.

समरी मारली की लेंग्थ, क्लास, मोड असा तीन कॉलमचा तक्ता येतो, आकडा एकही नाही. किंवा ऑब्जेक्टचं नाव टाइप केलं की पानभर लिस्ट धडाधड छापली जाते, त्यात तुमचा अख्खा डेटासुद्धा. किंवा काहीच छापलं जात नाही, एररही नाही. किंवा एस्टिमेट्स येतात पण स्टँडर्ड एररचा (एस्टिमेट किती अनिश्चित ते सांगणारा) भागच गायब, नाहीतर तिथे एनएएन, म्हणजे आकडाच नाही. किंवा दोन पॅकेजमध्ये तोच डेटा घातला आणि एकात लाइकलीहूड (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप) दुप्पट, दुसऱ्यात शेपचं (वितरणाचं टोक किती लांब ते ठरवणाऱ्या आकड्याचं) चिन्हच उलटं. किंवा सगळं छान छापलं जातं आणि शंभर वर्षांचा रिटर्न लेव्हल (सरासरी शंभर वर्षांत एकदा ओलांडली जाणारी पातळी) बघून गाईड भुवया उंचावतात.

यातल्या पहिल्या तीन आणि पाचव्या लक्षणात मॉडेलचा काहीएक दोष नसतो. मॉडेल बरोबर फिट झालेलं असतं, फक्त छापणारा कोड वेगळा असतो किंवा जागेवर नसतो. मुलं मात्र तिथूनच थ्रेशोल्ड बदल, मेथड बदल, डेटातली वर्षं काढून टाक असले उद्योग सुरू करतात आणि मग चांगलं फिट खरंच बिघडवून ठेवतात. म्हणून क्रम पाळा, स्वस्त गोष्ट आधी.

पहिली तपासणी, दहा सेकंदांची: पॅकेज लोड आहे का? काल फिट करून आरडीएस फाइलमध्ये सेव्ह केलं, आज नवीन सेशनमध्ये फाइल उघडली आणि प्रिंट केलं तर आर ला त्या क्लासचं प्रिंट माहीतच नसतं, कारण ते पॅकेजच्या आत राहतं, ऑब्जेक्टच्या आत नाही. मग आर बिचारं साधी लिस्ट समजून सगळं ओकतं. लायब्ररी कमांड द्या आणि परत प्रिंट करा, बहुतेक वेळा इथेच काम होतं. सोबत क्लास फंक्शन लावून बघा की ऑब्जेक्ट नक्की कुठल्या पॅकेजचं आहे, कारण फाइलचं नाव "फिट फायनल २ नवीन" असं असेल तर आठवणीवर विसंबू नका.

दुसरी, ती पण फुकट: फॉर लूपमध्ये किंवा फंक्शनच्या आत आहात का, किंवा स्क्रिप्ट सोर्सने चालवताय का? कन्सोलवर नुसतं नाव लिहिलं की आर आपोआप छापतं, पण लूपमध्ये तसं होत नाही, तिथे प्रिंट स्पष्ट लिहावं लागतं. पंधरा स्टेशनांचा लूप लावला आणि स्क्रीन कोरी, ही तक्रार जवळजवळ नेहमी हीच असते. याच्या उलटी गंमत एक्स्ट्रीम्समध्ये आहे. त्याच्या एफईव्हीडी या फिट करणाऱ्या फंक्शनच्या ऑब्जेक्टची समरी स्वतःच सगळं स्क्रीनवर लिहून टाकते, तुम्ही ती व्हेरिएबलमध्ये साठवली तरी. आर मधला नेहमीचा रिवाज असा की समरीने ऑब्जेक्ट परत द्यायचं आणि छापायचं काम प्रिंटने करायचं, इथे तसं नाही. रिपोर्टमध्ये नको तिथे पानं भरत असतील तर समरीला सायलेंट बरोबर ट्रू द्या, आणि परत येणाऱ्या लिस्टमधून हवं ते उचला.

तिसरी: त्या पॅकेजमध्ये समरी आहे तरी का? लेंग्थ-क्लास-मोडवाला तक्ता दिसला की समजायचं की आर ला त्या क्लाससाठी समरी सापडली नाही आणि त्याने जनरल समरी चिकटवली. ईव्हीडीच्या एफजीईव्ही आणि एफपॉट या फिट करणाऱ्या फंक्शनांचं असं होतं. तिथे समरी मारूच नका, नुसतं प्रिंट करा. कॉल, डेव्हियन्स, एस्टिमेट्स, स्टँडर्ड एरर्स आणि खाली ऑप्टिमायझेशनची माहिती, कन्व्हर्जन्स सक्सेसफुल की नाही (म्हणजे ऑप्टिमायझर उत्तरापर्यंत पोचला का), सगळं एका ठिकाणी मिळतं. मला विचाराल तर छापण्याच्या बाबतीत हेच सगळ्यात शहाणं पॅकेज आहे.

इस्मेव्हचं उलट. जीईव्ही डॉट फिट चालवताना तेच थोडं काहीतरी छापतं, पण नंतर ऑब्जेक्ट प्रिंट केलं की लिस्टचा पूर येतो. तिथे डॉलरचं चिन्ह लावून एमएलई (एस्टिमेट्स), एसई (स्टँडर्ड एरर), एनएलएलएच (निगेटिव्ह लॉग लाइकलीहूड), कॉन्व्ह (कन्व्हर्जन्स कोड) हे तुकडे वेगळे काढायचे. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: फिट करताना जर फक्त कॉन्व्हची ओळ दिसली आणि एमएलई छापलंच गेलं नाही, तर तो छपाईचा घोळ नाहीये. कॉन्व्ह शून्य नसेल तर हे पॅकेज मुद्दामच एस्टिमेट्स छापत नाही. ऑब्जेक्टच्या आत ते असतात, मुलं डॉलर लावून काढतात आणि थिसिसमध्ये टाकतात. असं करू नका हो, त्याने न छापण्याचं कारण होतं.

आता चौथी, आणि माझ्या मते याच्यावर जरा जास्त वेळ घालवावा: छापलेला आकडा नक्की कशाचा आहे?

यासाठी स्वतःचा डेटा बाजूला ठेवा आणि पोर्ट पिरीचा डेटा घ्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं बंदर, १९२३ ते १९८७ अशी ६५ वर्षांची समुद्राची वार्षिक कमाल पातळी, मीटरमध्ये. ईव्हीडी आणि इस्मेव्ह दोन्हीत तो सोबतच येतो आणि त्याचं उत्तर सगळ्या जगाला माहीत आहे: लोकेशन ३.८७, स्केल ०.१९८, शेप उणे ०.०५०, आणि स्टँडर्ड एरर अनुक्रमे ०.०२८, ०.०२०, ०.०९८. तुमचं सॉफ्टवेअर याच्यावर काय छापतं ते बघितलं की त्याची भाषा कळते. (एक खाचखळगा: डेटाचं नाव दोन्ही पॅकेजमध्ये सेम आहे, पण ईव्हीडीत तो साधा व्हेक्टर आहे आणि इस्मेव्हमध्ये वर्षाच्या कॉलमसकट डेटा फ्रेम. दोन्ही लोड असतील तर नंतर लोड केलेल्याचा मिळतो. डेटा फ्रेम सरळ फिटला देऊ नका, पातळीचा कॉलम द्या.)

आता बघा. इस्मेव्ह निगेटिव्ह लॉग लाइकलीहूड छापतं, उणे ४.३३९. ईव्हीडी डेव्हियन्स छापतं, उणे ८.६७८. बरोबर दुप्पट, कारण डेव्हियन्सची व्याख्याच ती. दोन मॉडेलची तुलना करताना एक आकडा या पॅकेजचा आणि दुसरा त्या पॅकेजचा घेतला तर लाइकलीहूड रेशो टेस्टचा पार चुराडा होतो. शिवाय इथे निगेटिव्ह लॉग लाइकलीहूड स्वतःच उणे आलाय, ते बघून घाबरायचं कारण नाही, घनता एकच्या वर गेली की असं होतं. मीटरऐवजी सेंटिमीटर घेतले तर तोच आकडा अधिक होईल.

मग क्रम. इस्मेव्ह नुसते तीन आकडे छापतं, नाव नाही गाव नाही: लोकेशन, स्केल, शेप. मॅटलॅबचं जीईव्हीफिट बरोबर उलट्या क्रमाने देतं, शेप आधी. ईव्हीआयआर नावाचं जुनं पॅकेज पण शेप आधी देतं, निदान नावं तरी लावतं. सायपाय शेप, लोकेशन, स्केल असा टपल देतं.

आणि चिन्ह. हा सगळ्यात महागात पडणारा भाग आहे. सायपायच्या जेनएक्स्ट्रीममध्ये शेपचं चिन्ह उलटं असतं. पोर्ट पिरीवर तिथे अधिक ०.०५ च्या आसपास येईल आणि ते बरोबरच आहे, फक्त त्यांची व्याख्या उलटी आहे. एल-मोमेंट्सवाल्या (लाइकलीहूडशिवाय, क्रमाने लावलेल्या डेटावरून एस्टिमेट काढणाऱ्या) एलमॉम पॅकेजमध्येही तसंच, वर तिथे झाय हे अक्षर चक्क लोकेशनसाठी वापरलंय, शेपला के म्हणतात. हायड्रॉलॉजीच्या जुन्या पुस्तकांतून शिकलेल्यांना ते ओळखीचं वाटतं, बाकीच्यांची दांडी गुल. अजून मजा म्हणजे सायपायमध्येच जनरलाइज्ड पॅरेटोचं चिन्ह मात्र नेहमीसारखं सरळ आहे. म्हणजे "सायपायमध्ये चिन्ह उलटं" असा सरसकट नियम पाठ करून ठेवू नका, डिस्ट्रिब्यूशन बघा.

फरक किती पडतो? पोर्ट पिरीचे तेच तीन आकडे घेऊन शंभर वर्षांचा रिटर्न लेव्हल काढला तर ४.६९ मीटर येतो. शेप चुकून अधिक ०.०५ घातला तर ४.९०. शेप इतका लहान असताना एकवीस सेंटिमीटरचा फरक, नुसत्या एका चिन्हाने. शेप ०.२ असेल तर विचारूच नका. आणि शेप उणे असला की वितरणाला वरची मर्यादा असते, इथे ७.८ मीटरच्या आसपास, अधिक असला की मर्यादाच नाही. म्हणजे नुसता आकडा नाही, निष्कर्षच बदलतो.

हाताने क्वांटाइल काढत असाल तर आणखी एक. क्यूजीईव्ही नावाचं फंक्शन ईव्हीडीतही आहे आणि ईव्हीआयआरमध्येही, आणि दोघांचा आर्ग्युमेंटचा क्रम वेगळा. एकात लोकेशन-स्केल-शेप, दुसऱ्यात शेप-लोकेशन-स्केल. दोन्ही लोड असताना नावं न देता आकडे घातले तर पोर्ट पिरीची समुद्रपातळी उणे कित्येक लाख मीटर येते. तेव्हा निदान कळतं तरी. आर्ग्युमेंटची नावं नेहमी लिहा, एवढंच.

पाचवी, दशांश. ऑस्ट्रेलियाच्याच पश्चिम किनाऱ्यावरचा फ्रीमँटलचा डेटा घ्या, १८९७ ते १९८९. लोकेशनमध्ये वर्षानुसार ट्रेंड घातला तर उतार ०.००२०३ मीटर येतो, म्हणजे वर्षाला दोन मिलिमीटर. आता रिपोर्टच्या तक्त्यात दोन दशांशांपर्यंत राउंड केलं की छापलं जातं ०.०० आणि परीक्षक म्हणतात ट्रेंड कुठाय? शंभर वर्षांत वीस सेंटिमीटर आहेत त्यात! प्रिंटला डिजिट्स वाढवून द्या. किंवा वर्षाऐवजी दशक हे एकक घ्या, आकडा वाचायला सोपा होतो. ई वजा ०३ वगैरे दिसायला लागलं तर ऑप्शन्समध्ये सायपेन वाढवा. आणि पुढची आकडेमोड छापलेल्या आकड्यांवरून कधीच करू नका, ऑब्जेक्टमधून पूर्ण आकडा घ्या.

सहावी फक्त थ्रेशोल्डवाल्या (ठरावीक मर्यादेच्या वरची निरीक्षणं घेणाऱ्या) मॉडेलसाठी, पण आपल्याकडे ती फारच लागते. रिटर्न लेव्हल छापताना सॉफ्टवेअर गृहीत धरतं की वर्षाला किती निरीक्षणं आहेत. इस्मेव्हच्या जीपीडी डॉट फिटमध्ये एनपीवाय ३६५ धरलेलं असतं, एक्स्ट्रीम्समध्ये टाइम युनिट्स डेज, म्हणजे ३६५.२५. आपण घेतो काय? जून ते सप्टेंबरचा रोजचा पाऊस, १२२ दिवस. हे सांगितलं नाही तर शंभर वर्षांचा म्हणून छापलेला आकडा प्रत्यक्षात जवळपास तीनशे वर्षांचा असतो. कुठलीही एरर नाही, वॉर्निंग नाही, फिट एकदम सुरेख, आणि उत्तर फुगलेलं. एनपीवाय १२२ करा, एक्स्ट्रीम्समध्ये टाइम युनिट्सला १२२ स्लॅश इयर द्या. पॅरामीटर बदलणार नाहीत, रिटर्न लेव्हल बदलेल, यावरूनच कळेल की दोष कुठे होता.

इथपर्यंत सगळं छपाईचं झालं. इथून पुढे मॉडेलमध्ये खरंच काहीतरी बिघडलेलं असू शकतं, म्हणून जरा सावकाश.

स्टँडर्ड एरर गायब असेल तर आधी मेथड बघा. एक्स्ट्रीम्सच्या आउटपुटमध्ये सुरुवातीलाच एस्टिमेशन मेथड छापलेली असते. ती एल-मोमेंट्स असेल तर स्टँडर्ड एरर येणारच नाहीत, त्या पद्धतीत हेसियन (लाइकलीहूडची वक्रता, जिच्यावरून स्टँडर्ड एरर निघतात) नसतोच, तिथे सीआय फंक्शनने बूटस्ट्रॅप करून अंतर काढायचं. मेथड एमएलई (मॅक्झिमम लाइकलीहूड) आहे आणि तरी ब्लॉक गायब, किंवा ईव्हीडी म्हणतंय की इन्फर्मेशन मॅट्रिक्स सिंग्युलर आहे, तर मात्र ऑप्टिमायझर शिखरावर पोचलेला नाही किंवा तिथे शिखरच नाही, सपाट पठार आहे. ईव्हीडी तुम्हाला स्टँडर्ड एरर फॉल्स करायचा सल्ला देतं. तो मानला की एरर जाते आणि एस्टिमेट छापले जातात, पण हे म्हणजे गाडीतला ऑइलचा दिवा लागला म्हणून बल्ब काढून टाकण्यासारखं आहे.

त्याऐवजी कन्व्हर्जन्स कोड बघा. शून्य म्हणजे ठीक. १ म्हणजे फेऱ्या संपल्या, मॅक्सिट वाढवून परत चालवा. १० म्हणजे नेल्डर-मीड अडकलं, मेथड बदला. एक्स्ट्रीम्सच्या बाबतीत हा कोड समरीत शोधत बसू नका, ऑब्जेक्टच्या रिझल्ट्समध्ये आत कन्व्हर्जन्स म्हणून असतो. लूपमध्ये पंधरा स्टेशनं असतील तर पंधराही कोड वेगळ्या कॉलममध्ये काढा, नाहीतर एक नापास स्टेशन बाकीच्यांच्या गर्दीत बिनबोभाट पास होतं.

मग डेटा. एनए (रिकाम्या नोंदी) आहेत का? ईव्हीडी ते चालवून घेतं, इस्मेव्ह सुरुवातीलाच एरर देऊन थांबतं. उणे ९९९ किंवा ९९९९ असे "डेटा नाही"चे आकडे राहिलेत का? मिनिमम आणि मॅक्सिमम छापून बघा, एका ओळीचं काम. एकक बघा, नदीचा विसर्ग दहा-वीस हजारांच्या घरात असेल तर हजाराने भागून फिट करा, कारण लोकेशन हजारांत आणि शेप ०.१ अशा विषम मापांवर ऑप्टिमायझर धडपडतो. कोव्हेरिएट म्हणून वर्ष घालताय आणि ते १९७१, १९७२ असंच घातलंय? हे तर इस्मेव्हच्या हेल्पमध्येच लिहिलंय की कोव्हेरिएट सेंटर आणि स्केल करा. मधलं वर्ष वजा करा, भागा, आणि परत फिट करा. न जुळणारी कितीतरी फिट्स एवढ्यानेच जुळतात. तरी नाही झालं तर सुरुवातीचे आकडे हाताने द्या, आधी बिनट्रेंडचं मॉडेल फिट करून त्याचेच एस्टिमेट स्टार्ट म्हणून वापरा आणि उतार शून्यावरून सुरू करा.

शेवटची तपासणी, शेप किती आलाय. उणे ०.५ च्या खाली असेल तर एमएलईची नेहमीची थिअरी तिथे लागू पडत नाही, छापलेले स्टँडर्ड एरर दिसायला कितीही गोंडस असले तरी त्यांच्यावर काही बांधू नका. उणे १ च्या खाली तर एमएलई मिळतच नाही असं धरा. आणि शेप ठीक असला तरी शंभर वर्षांच्या रिटर्न लेव्हलसाठी अधिक-वजा दोन स्टँडर्ड एररवालं अंतर वापरू नका. पोर्ट पिरीवर ते ४.३८ ते ५.०० येतं, प्रोफाइल लाइकलीहूडने ४.५० ते ५.२७. वरची बाजू सत्तावीस सेंटिमीटरने सरकली, आणि भिंत बांधणाऱ्याला वरचीच बाजू लागते. एक्स्ट्रीम्समध्ये सीआयला मेथड प्रॉफलिक द्या, वेळ लागतो, ग्राफ बघावा लागतो, पण तेच छापा.

आता कुठे थांबायचं ते.

सुरुवातीचे आकडे बदलले की उत्तर बदलतंय, आणि दोन्ही वेळा कोड शून्यच येतोय: थांबा, स्टॅटिस्टिक्सच्या माणसाकडे जा. शेप उणे ०.५ च्या खाली आलाय आणि डेटात काही चूक सापडत नाहीये: तेच. एकच वर्ष काढलं की शेपचं चिन्ह पालटतंय: तेच, आणि ते वर्ष स्वतःच्या मनाने काढून टाकू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ च्याही आत. सांताक्रूझचा तो आकडा कुठल्याही फिटला हलवून सोडणारच, पण ती टायपिंगची चूक नाही, तो पाऊस खरंच पडलाय. तो ठेवायचा कसा, आजूबाजूची स्टेशनं एकत्र घ्यायची का, हे ठरवायला अनुभवी हायड्रॉलॉजिस्ट लागतो. सॉफ्टवेअरच्या सेटिंगने ते सुटत नाही.

आणि त्या आकड्यावर पूल, नाला, बंधारा, काहीही बांधलं जाणार असेल तर समरी कितीही स्वच्छ छापली गेली तरी तुमचा माझा विषय तिथे संपला, सही ज्याची असते त्या डिझाइन इंजिनिअरनेच तो बघायचा. जाताना मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो नेऊ नका. कच्चा डेटा, फिटचा पूर्ण कॉल, कन्व्हर्जन्स कोड, एककं, वर्षाला किती निरीक्षणं धरली तो आकडा, आणि सेशनइन्फोचं आउटपुट, एवढं एका फाइलमध्ये न्या. आणि त्याच सेटिंगवर पोर्ट पिरी चालवून काय आलं तेही सोबत ठेवा, समोरचा माणूस पहिल्यांदा तेच विचारेल.